टर्मिनलचा इशारा-बीप आपल्या सोयीने कसा बदलावा

टर्मिनलमधला, म्हणजे आज्ञा टंकून संगणकाकडून काम करवून घेण्याच्या खिडकीतला, बीप नकोसा झाला की बहुतेक जण तो कायमचा बंद करून टाकतात. माझ्या मते त्याला वळण लावणे अधिक चांगले, कारण तो बंद केल्यावर एक खरोखर उपयोगी इशाराही हातचा जातो. (पुढील आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या तरी प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.)

टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम स्वतः आवाज करत नाही. तो आस्की या, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतातील ७ क्रमांकाचे ‘बेल’ हे नियंत्रण-अक्षर पाठवतो. दूरवरून आलेला मजकूर छापणाऱ्या जुन्या टेलिटाइप यंत्रांत हे अक्षर पोहोचले की खरीखुरी घंटा वाजत असे. आज ते अक्षर आल्यावर आवाज करायचा, खिडकी चमकवायची की दुर्लक्ष करायचे, हे टर्मिनल ठरवते. म्हणूनच एसएसएचने (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या सोयीने) दूरच्या सर्व्हरवर काम करत असतानाही बीप आपल्याच संगणकावर वाजतो आणि त्याचा आवाज बदलण्यासाठी सर्व्हरवरील सेटिंग्जना हात लावावा लागत नाही.

प्रथम चाचणी घ्यावी. ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा लिहून, एक जागा सोडून, एकेरी अवतरणचिन्हांत उलटी तिरकी रेघ आणि तिला लागून स्मॉल ‘ए’ टंकावा व एंटर दाबावे. आवाज आला नाही, तर टर्मिनलची बेल बंद आहे का आणि संगणकाचा आवाज सुरू आहे का, हे पाहावे.

त्यानंतर आवाज निवडावा. मॅकच्या टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, प्रोफाइल्स, अॅडव्हान्स्ड या क्रमाने गेल्यास ऐकू येणारी आणि डोळ्यांना दिसणारी अशा दोन्ही प्रकारच्या बेलचे पर्याय मिळतात. प्रत्यक्ष ध्वनी मात्र सिस्टिमच्या साउंड विभागातून बदलावा लागतो. विंडोज टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या अॅडव्हान्स्ड भागात बेलची शैली ठरवता येते, म्हणजे आवाजाऐवजी केवळ टास्कबार चमकवता येतो. लिनक्सच्या साध्या, खिडक्या नसलेल्या कन्सोलवर ‘सेटटर्म’ ही आज्ञा ‘बीफ्रेक’ पर्यायाने बीपची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये आणि ‘बीलेंग्थ’ पर्यायाने त्याची लांबी मिलिसेकंदांत ठरवते. ४०० हर्ट्झच्या आसपासचा, १०० मिलिसेकंदांचा बीप कानाला बराच सौम्य वाटतो.

तरीही खरा त्रास आवाजापेक्षा तो अवेळी वाजण्याचा असतो. बॅशमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, नाव पूर्ण करण्यासाठी टॅब दाबल्यावर जुळणारे नाव सापडले नाही किंवा रिकाम्या ओळीवर बॅकस्पेस दाबला की बीप होतो, आणि दिवसभरात हे असंख्य वेळा घडते. त्यासाठी होम डिरेक्टरीतील ‘डॉट इनपुटआरसी’ (डॉट म्हणजे नावाच्या सुरुवातीचे टिंब) या फाइलमध्ये ‘सेट बेल-स्टाइल नन’ ही ओळ लिहावी, फाइल जतन करावी आणि कंट्रोल-एक्स व लगोलग कंट्रोल-आर दाबून ती पुन्हा वाचून घ्यावी. ‘नन’ऐवजी ‘व्हिजिबल’ लिहिल्यास, टर्मिनलला ती सोय असेल तर, आवाजाऐवजी पडदा क्षणभर चमकतो. विम या संपादकाची बेल वेगळी असते; ती त्याच्या विमआरसी फाइलमध्ये ‘सेट बेलऑफ=ऑल’ लिहून बंद होते.

इनपुटआरसीमधला बदल केवळ टंकताना होणाऱ्या बीपपुरता असल्याने वर चाचणीसाठी दिलेली प्रिंटएफची आज्ञा पूर्वीसारखीच वाजते, आणि नेमका याचाच लाभ घ्यावा. बॅकअप किंवा कंपाइलसारख्या लांबलचक कामाच्या आज्ञेनंतर अर्धविराम देऊन तीच प्रिंटएफची आज्ञा जोडावी. येथे दोन अँपरसँड (&&) वापरू नयेत, कारण मग काम यशस्वी झाले तरच बीप होईल. अर्धविराम दिल्यास ते मध्येच फसले तरी बीप ऐकू येतो आणि आपण लगेच पडद्याकडे वळू शकतो.