लस कधी थांबवायची आणि कधी उगाच टाळायची नाही

लसीकरणाच्या दिवशी हमखास कुणीतरी विचारतंच, सिस्टर सर्दी झालीये बाळाला, पुढच्या महिन्यात आणू का? अहो नाही, आजच टोचून घ्या. नाक वाहतंय, थोडा खोकला, अंग जरासं कोमट, दोन पातळ शी झाल्या, अँटिबायोटिक चालूये, बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा वजनाला कमी आहे, यातल्या कशानेही लस थांबत नाही. अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवर-रुबेलाची देतात. पण जोराचा ताप असेल, बाळ मलूल पडलं असेल, ॲडमिट असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं, म्हणजे तारीख फक्त पुढे जाते, लस रद्द होत नाही. ही गल्लत फार होते आणि मग डोस राहूनच जातो.

खरी कारणं मोजकीच. आधीच्या डोसनंतर काही मिनिटांत ते काही तासांत अंगभर गांध्या उठल्या, चेहरा सुजला, श्वास लागला असेल तर तीच लस परत नाही. डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) किंवा पेंटा (त्यातच आणखी दोन रोगांवरची भर घातलेली लस) दिल्यानंतर 7 दिवसांच्या आत बाळ बेशुद्ध झालं, झटके थांबेनात आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस पुन्हा देत नाहीत (तापात येणारी साधी आकडी यात मोडत नाही हं). आतड्यात आतडं अडकल्याची हिस्ट्री असेल तर रोटाचे (जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूवरच्या लसीचे) थेंब नकोत.

जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी (क्षयाची), गोवर-रुबेला वगैरे, यांना जास्त जपायचं. केमो (कॅन्सरची औषधं) चालू असेल, जन्मतःच प्रतिकारशक्ती खूप कमी असेल, किंवा स्टेरॉइडचा मोठा डोस, रोज किलोमागे 2 मिग्रॅ किंवा एकूण 20 मिग्रॅ, 14 दिवस किंवा जास्त झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त किंवा प्लाझ्मा चढवलं असेल तर गोवराची लस काही महिने पुढे ढकलतात. गरोदरपणात गोवर-रुबेला नाही, पण धनुर्वाताची टीडी घ्यायचीच.

तर टोचायच्या आधी सिस्टरला तीन गोष्टी स्वतःहून सांगा: मागच्या वेळी काय झालं, आत्ता कुठलं औषध चालूये, मोठा आजार कुठला. रिॲक्शन आली असेल तर कार्डावर लसीचं नाव आणि तारीख लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

आणि कुत्रं चावलं असेल तर यातलं काहीच बघत बसू नका, गरोदर बाईलासुद्धा रेबीजची लस देतात.