वर्गाचा ग्रुप सुरू करण्याआधी शिक्षकांनी उरकायची तयारी

सत्र सुरू होण्याआधी एक निवांत दुपार काढा आणि आधी स्वतःची खाती आवरा, व्हॉट्सॲप ग्रुपचं नंतर बघू. ग्रुप झाला की तुमचा नंबर सगळ्या पालकांकडे जातो. त्यांच्यातलं कुणीतरी त्याच संध्याकाळी तुमचं स्टेटस आणि फेसबुक चाळणार, हे गृहीतच धरा.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, कुठेही लॉगिन न करता, स्वतःचं नाव शोधा. जे दिसेल ते विद्यार्थ्यांनाही दिसतं. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करता येतात. ते जरूर करा, पण नंतर विचार बदलला तर एकेक पोस्ट हाताने उघडी करावी लागते. तुमचा कव्हर फोटो मात्र सगळ्यांना दिसतच राहतो, आणि मित्राने टाकलेला फोटो कुणाला दिसावा हे त्याच्या सेटिंगवर ठरतं. तो काढायला मित्रालाच सांगावं लागेल.

व्हॉट्सॲपवर बरेच जण फोटो आणि स्टेटस ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवून निर्धास्त होतात. इथेच घोळ होतो, कारण पालकांचे नंबर सेव्ह केले की तेही कॉन्टॅक्ट्सच! त्यांना वगळायचं तर ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ (म्हणजे ‘यांना सोडून’) हा पर्याय निवडून नावांवर टिक करा. त्यापेक्षा शाळेसाठी वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवणं बरं. शाळेच्या वेळेनंतर ‘उद्या उत्तर देतो’ असा निरोप ते आपोआप पाठवतं, रात्री अकराला ‘गृहपाठ काय आहे?’ आलं तरी.

ग्रुप करताना ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवतील’ हे सेटिंग पहिला माणूस जोडण्याआधीच लावा. नंतर लावलं की ‘आमचं तोंड बंद केलं’ असा सूर निघतो. दुसरा ॲडमिन म्हणून एखाद्या सहकाऱ्याला घ्या. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ते नको असेल तर व्हॉट्सॲपची कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र ठेवणारी सोय, वापरा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुपवर काय येईल आणि काय नाही, हे डिस्क्रिप्शनमध्येच लिहा. गुण, गैरहजेरी, तक्रार या गोष्टी फोनवरच बोला. मुलांना इन्स्टाग्रामवर यायला लावणारा उपक्रम १३ वर्षांखालच्या वर्गासाठी आखूच नका, खात्यासाठी किमान वय तेवढं आहे.

फोटोंची संमती लेखी घ्या, आणि वर्गाचा ग्रुप, शाळेचं पान, बातमी यांसाठी वेगवेगळे रकाने ठेवा. एकच सही सगळ्याला चालवली की पुढे वाद होतात. ज्यांचा नकार आहे त्यांची यादी फोनमध्येच ठेवा, कार्यक्रमाच्या गडबडीत लक्षात राहत नाही. टाकण्याआधी फोटो मोठा करून कोपरे बघा. गळ्यातलं ओळखपत्र, वहीवरचं लेबल, मागच्या फळ्यावर राहिलेली गैरहजर मुलांची नावं, सगळं वाचता येतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो कुठे काढला ही माहितीही फाइलबरोबर जाऊ शकते. संदेश सगळ्यांसाठी काढून टाकायला साधारण दोन दिवस मिळतात, पण तोवर कुणी उतरवून घेतलेली प्रत काही परत येत नाही.

वर्गात व्हिडिओ दाखवायचा असेल तर तो आदल्या दिवशी शेवटपर्यंत बघा, शाळेच्याच नेटवर, कारण कित्येक शाळांत यूट्यूब बंद असतं. ऑटोप्ले बंद करा. शिकवण्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवा आणि नोटिफिकेशन थांबवा, नाहीतर घरचा निरोप प्रोजेक्टरवर झळकतो आणि पुढची दहा मिनिटं वर्ग हातात राहत नाही. मुलं दिसणारा व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवला तरी लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघतो. मोजक्यांनाच दाखवायचा तर ‘प्रायव्हेट’ करा.

शेवटी व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. स्टाफरूमचा संगणक तिथे अजून जोडलेला दिसला तर तिथूनच लॉगआउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावून टाका.