गोव्यात नव्याने आलात? इंग्रजी ऐकण्याचा सराव असा करा

महाराष्ट्रातून नोकरीसाठी गोव्यात येणाऱ्या बहुतेकांचं इंग्रजी वाईट नसतं. वाचता येतं, ईमेल लिहिता येतो, मुलाखतही निभावते. पण मीटिंगमध्ये चार जण भराभर बोलू लागले, किंवा हॉटेलच्या रिसेप्शनवर स्कॉटिश पाहुणा तक्रार सांगू लागला, की अर्धं निसटतं. यात शब्दसंग्रह कमी पडत नाही. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले शब्द गिळले जातात. ‘शुड हॅव बीन’ कानावर ‘शुडबिन’सारखं पडतं. वर्षानुवर्षं डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी इथे अडतं.

म्हणून शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश बोललेले धडे आता सोडा. बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ चांगलं आहे, पण तुमची पायरी पुढची आहे. तुम्हाला आपापसात बोलणारी माणसं ऐकायला हवीत, आणि शक्यतो ते बोलणं लेखी स्वरूपातही मिळायला हवं.

मी सगळ्यांना आधी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी ऐकायला सांगतो. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठासमोरची सुनावणी ऑनलाइन थेट दाखवली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा खटला चालू असताना न्यायालयाने युक्तिवादाचं थेट लेखी रूपांतरही सुरू केलं. त्या खटल्यातली नावं, तारखा, कोण कुठल्या गटात, हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्यामुळे पूर्ण लक्ष भाषेवर राहतं. वकील मांडणी करतो, न्यायमूर्ती मध्येच अडवतात, वाक्य अर्धवट सुटतं, दुसराच कोणी ते उचलतो. ऑफिसातही असंच बोलणं चालतं. दहा मिनिटांचा तुकडा घ्या. दोनदा नुसता ऐका, मग मजकूर समोर ठेवून ऐका आणि जिथे चुकलात तेवढीच वाक्यं मोठ्याने म्हणा. तो मजकूर यंत्राने केलेला असल्याने त्यात चुका सापडतात. त्या तुम्हाला ऐकून पकडता येऊ लागल्या, तर कान तयार होतोय.

ब्रिटिश बोलण्यासाठी बीबीसी रेडिओ ४ चा ‘इन अवर टाइम’ घ्या. १९९८ पासून चालू आहे. एका विषयावर तीन अभ्यासक बोलतात. अमेरिकन बोलण्यासाठी ‘धिस अमेरिकन लाइफ’, त्याचा पूर्ण मजकूर त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो. पणजी–मडगाव कदंब शटल बसने जाणाऱ्यांना एक भाग जाता-येता सहज ऐकून होतो.

हॉटेलात काम करणाऱ्यांनी ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह’ शोधावं. जगभरच्या लोकांनी वाचलेले एक-दोन ठरावीक उतारे तिथे ऐकता येतात. स्कॉटलंड, आयर्लंड, रशिया, इस्रायल असे लागोपाठ ऐकले की कुठला स्वर कुठे बदलतो ते लगेच कळतं.

प्रत्यक्ष ऐकायला तर गोव्यासारखी जागा नाही. डी. डी. कोसंबी विचार महोत्सवाची व्याख्यानं इंग्रजीत असतात. दोनापावलाच्या इंटरनॅशनल सेंटरमधल्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. नोव्हेंबरात इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, नोंदणी केलीत तर चित्रपटांइतक्याच मुलाखती आणि मास्टरक्लास ऐका. भाषणानंतरची प्रश्नोत्तरं चुकवू नका, कारण भाषण तयार केलेलं असतं, प्रश्न मात्र जसे सुचतील तसे येतात.

आणि एक इथलीच गोष्ट. गोव्यात मराठी बहुतेकांना कळते. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे समजलं की सहकारी प्रेमाने मराठीत किंवा हिंदीत बोलू लागतात, आणि तुमचा सराव तिथेच थांबतो. त्यांना मोकळेपणाने सांगा की माझ्याशी कामाचं इंग्रजीतच बोला, नाही कळलं तर मी पुन्हा विचारेन. कोणी वाईट वाटून घेत नाही. जेवणाच्या सुट्टीत मराठी-कोकणी आहेच.