एका दिवसात इसे कसं करायचं (आणि घाई कुठे करायची नाही)

जपानला जाताय आणि सगळे दिवस क्योटोच्या गर्दीत घालवायचे नसतील तर एक दिवस इसेसाठी काढा. मिए प्रांतातलं साधारण सव्वा लाख वस्तीचं शहर आहे, ओसाका किंवा नागोयाहून किन्तेत्सुची एक्सप्रेस पकडली की दोन तासांच्या आत पोचता, फक्त ही खासगी रेल्वे आहे, जेआरची (जपान रेल्वेची) नाही, त्यामुळे पर्यटकांचा जेआर पास चालत नाही, तिकीट वेगळं काढायचं.

इथलं देवस्थान म्हणजे इसे जिंगू, शिंतो या जपानच्या मूळ धर्मातलं सगळ्यात मानाचं. लहानमोठी धरून 125 देवळं आहेत, पण मुख्य दोन, गेकू (बाहेरचं देऊळ) आणि नाइकू (आतलं देऊळ). बरेच जण वेळ वाचवायला डायरेक्ट नाइकू गाठतात, तसं करू नका. रीत अशी की आधी गेकू, मग नाइकू, आणि गेकू तसंही इसेशी स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. गेकूत डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या.

गेकूची तोयोउके ही अन्नधान्याची देवी. नाइकूतल्या अमातेरासूला, म्हणजे सूर्यदेवीला, रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य दाखवला जातो तो इथेच, आणि लाकडावर लाकूड घासून पेटवलेल्या विस्तवावर तो शिजवतात. भात, मीठ, पाणी, साके (तांदळाची दारू), भाज्या, आणि हो, मासेसुद्धा! (आपल्याकडचे काही लोक इथेच दचकतील.) गर्दी कमी असते, झाडं प्रचंड, मला विचाराल तर नाइकूपेक्षा इथे जास्त वेळ द्या.

मग गेकूसमोरूनच नाइकूची बस मिळते, वीसेक मिनिटं. उतरलात की इसुझु नदीवरचा उजी पूल. त्याच्या दोन्ही टोकांना ज्या लाकडी कमानी आहेत ना, त्या जुन्या मुख्य देवळांच्या खांबांपासून केलेल्या आहेत, कारण इथे दर 20 वर्षांनी देऊळ शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधतात आणि देवी तिकडे हलवतात, जुन्याचं लाकूड वाया घालवत नाहीत. सुरुवात 690 साली झाली, मधे युद्धांमुळे खंडही पडला, 62वी खेप 2013 ला झाली, पुढची 2033 ला. त्यामुळे परंपरा तेराशे वर्षांची पण देऊळ मात्र कोवळं, आणि मुख्य देवळाशेजारी पांढऱ्या खड्यांचा रिकामा प्लॉट दिसला तर "इथे काही नाहीये" म्हणून पुढे जाऊ नका, बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

एक आधीच सांगून ठेवतो, मूर्तीबिर्ती दिसणार नाही. देवीचं प्रतीक म्हणजे एक आरसा, तो कोणालाच दाखवत नाहीत, तुम्ही कुंपणाच्या दारात टांगलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहणार. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं, झालं. वरच्या पायऱ्यांवर फोटो काढायला मनाई आहे. इथे फक्त आभार मानायची पद्धत आहे, नोकरी-लग्न-परीक्षा वगैरे मागणं असेल तर मागच्या बाजूच्या आरामात्सुरी-नो-मियाला जाऊन मागा.

एदो काळात (1603 ते 1868) इथे अधूनमधून यात्रेची लाटच यायची, लाखो लोक कामधंदा टाकून पायी निघायचे आणि वाटेतली गावं त्यांना खाऊपिऊ घालायची, आपल्या वारीसारखंच. ज्यांना जमायचं नाही ते गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधून कुत्र्याला पाठवायचे आणि वाटेतले लोक त्याला सांभाळत पुढे पोचवायचे! नाइकूजवळच्या ओहाराइमाची या बाजाररस्त्यावर त्या कुत्र्यांची खेळणी आजही विकतात.

खाणं तिथेच करा. आकाफुकु हे 1707 पासूनचं दुकान, मोचीवर (तांदळाच्या चिकट गोळ्यावर) लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा म्हणजे इसुझुचा प्रवाह. शाकाहारी लोकांनी बिनधास्त खा. इसे उदोन मात्र जपून, जाड मऊ नूडल्स दिसतात साध्या पण त्या काळ्या रश्शात माशाचा अर्क असतो.

दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमाराला बंद व्हायला लागतात, देवळं मात्र पहाटे पाचला उघडतात. म्हणून शक्य असेल तर आदल्या रात्री इसेतच राहा, आणि नवीन वर्षाचे दिवस किंवा महिन्याची एक तारीख टाळा, त्या दिवशी स्थानिक लोक भल्या पहाटेपासून रांगेत असतात.