तांबडा भोपळा: देठ राखा, फोडायची घाई करू नका

दसरा-दिवाळीच्या सुमारास बांधावरचे, मकेच्या कडेचे आणि परसातले भोपळे एकदमच तयार होतात. बाजारात ढीग लागतो, भाव पडतो, आणि घरात आलेला माल कुजायच्या आधी संपवायची धांदल उडते. या धांदलीची गरज नाही. नीट पिकलेला, जखम नसलेला भोपळा कोरड्या, गार जागी दोन-तीन महिने टिकतो. सगळं अवलंबून आहे काढणीवर.

काढणीआधी आठवडाभर पाणी तोडा. परतीच्या पावसाने जमीन ओली असेल तर फळाखाली पाचट किंवा सपाट दगड सरकवा. देठ वाळून बुचासारखा कडक झाला, सालीवर नख रुतेना आणि जमिनीला टेकलेली बाजू पिवळसर झाली की फळ काढायला हरकत नाही. कोवळं फळ साठवणीत सुकतं आणि सडतं, ते आधी भाजीला वापरा.

फळ पिळून तोडू नका. धारदार विळ्याने किंवा कात्रीने दोन-तीन बोटं देठ ठेवून कापा. देठ तुटला की तिथूनच बुरशी आत शिरते. म्हणून देठाला धरून फळ उचलूही नका, खालून दोन्ही हातांनी धरा. ट्रॉलीत फेकलेला भोपळा वरून चांगला दिसतो, पण आत मार बसलेला असतो आणि महिनाभरात तिथेच मऊ पडतो. असे फळ साठवणीत घालू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

काढलेली फळं धुऊ नका, कोरड्या फडक्याने माती पुसा. मग आठ-दहा दिवस हवेशीर पडवीत किंवा शेडखाली राहू द्या. तेवढ्यात साल टणक होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. ऑक्टोबरच्या कडक उन्हात उघड्यावर ठेवू नका, साल भाजते. त्यानंतर कडबा किंवा फळीवर एकच थर लावा, फळाला फळ चिकटू देऊ नका. पिकत घातलेल्या केळ्यांजवळ ठेवू नका. अख्खा भोपळा फ्रीजमध्ये किंवा शीतगृहाच्या कडक गारठ्यात ठेवणंही चूक, दहा अंशांखालच्या थंडीने तो आतून बिघडतो. दर आठवड्याला हात फिरवा. देठाशी मऊ लागलं की ते फळ त्याच दिवशी बाजूला काढा.

फोडलेल्या भोपळ्याचं गणित वेगळं. बियांभोवतीचा तंतूचा भाग आधी खराब होतो, तो लगेच खरवडून काढा आणि फोड झाकून फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांत संपवा. भाजी करण्याआधी कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या, शिजवूनही तो कडवटपणा जात नाही आणि पोटाला अपाय होतो.

जास्त दिवसांसाठी दोन मार्ग भरवशाचे. फ्रीझर असेल तर फोडी वाफवून, कुस्करून, पूर्ण गार करून डब्यात भरा. गोठताना गर फुगतो म्हणून वर बोटभर जागा सोडा. पुढे घारग्यांसाठी हा गर थेट गुळात आणि कणकेत मिसळता येतो. दुसरा मार्ग वाळवणाचा. पातळ काप दोन-तीन मिनिटं वाफवा आणि जाळीवर पसरून कडकडीत वाळवा. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात दिवाळीनंतरची हवा याला चांगली. पाटण, जावळी, शिराळ्याकडे मात्र ओल लवकर हटत नाही, तिथे सौर ड्रायर वापरा, नाहीतर काप मधूनच बुरसतात. दहा किलो गरातून जेमतेम एक किलो काप मिळतात. हवाबंद डब्यात भरल्यावर पहिला आठवडा रोज पाहा. झाकणाला आतून दमटपणा दिसला की पुन्हा वाळवा.

भोपळ्याचा गर उकळून बाटलीत भरून फडताळात ठेवण्याचे प्रयोग मात्र घरी करू नका. भोपळ्यात आंबटपणा फार कमी, त्यामुळे हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, आणि घट्ट गराच्या गाभ्यापर्यंत घरच्या कुकरची उष्णता पुरेशी पोचते याची खात्री देता येत नाही. विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही. बाटलीबंद विक्रीचा विचार असेल तर प्रक्रियेची सोय असलेल्या परवानाधारक युनिटकडूनच ते करून घ्या. लोणचं घालायचं तर भरपूर व्हिनेगर वापरा आणि फ्रीजमध्येच ठेवा.

बिया फेकू नका. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर मीठ लावून भाजल्या तर मुलं आवडीने खातात. पेरणीसाठी बी धरायचं असेल तर काढलेलं फळ दोन-तीन आठवडे तसंच ठेवून मग फोडा, बी भरतं. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी फळं एकसारखी येत नाहीत. शेजारच्या रानात त्याच प्रजातीचा पण वेगळ्या वाणाचा भोपळा असेल तर मधमाश्या पराग मिसळतात, म्हणून बियाण्यासाठी एक-दोन मादी फुलं उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कापडाने बांधा, सकाळी आपल्याच वाणाचं नर फूल घासून हाताने परागीकरण करा आणि पुन्हा बांधून त्या फळाला खुणेचा दोरा बांधा.