नवीन बाबाला गिफ्ट द्यायचंय? आधी त्याच्या रात्रीची चौकशी करा

बजेट तुमचं तुम्ही ठरवा, ५०० असो की २०००. झबली-टोपडी घेऊ नका, ती बारशाला ढीगभर येतात आणि शिवाय ती बाळाला झाली, बाबाला काय? 'बेस्ट डॅड' छापलेला मग तर अजिबात नको, आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे तीन जमलेत, एकात टूथब्रश ठेवतो.

खरी गोची पुढे आहे. त्याला काय हवंय ते कळणार कसं? "काय आणू रे?" विचारलं की सगळे एकच म्हणतात, "काही नको, तू ये फक्त." मी इथेच आपटलोय. आमच्या ठाण्यातच, घोडबंदर रोडला राहणाऱ्या मित्राला भारीतला परफ्यूम नेला, बाळ वीस दिवसांचं, यानं हौसेनं दोन फवारे मारले आणि बाळ घ्यायला गेला तर सासूबाईंनी त्याला सरळ आंघोळीला पाठवलं. बरोबरच होतं त्यांचं, एवढ्याशा जिवाजवळ उग्र वास कशाला. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

तेव्हापासून मी फोन करून एवढंच विचारतो, "काल रात्री तीन वाजता काय करत होतास?" बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं, आई पाजते, मग ढेकर काढायला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचं काम याचं, त्यामुळे सांगायला भरपूर असतं. फक्त ऐका, स्वतःचे अनुभव सुरू करू नका. एक म्हणाला बाळ खांद्यावर दूध काढतं, रात्रीत तीन टीशर्ट होतात. त्याला जांभळी नाक्यावरून मीटरवर मलमल घेऊन आठ तुकडे शिवून दिले, आधी धुऊन, नाहीतर खळ गालाला घासते. दुसऱ्याकडे मोठा लाइट लावला की बाळ टक्क जागं, त्याला मंद पिवळा दिवा. तिसऱ्याची बायको माहेरी साताऱ्याला, हा दर शुक्रवारी रात्री खोपटला एसटी पकडायचा, त्याला पुढच्या दोन शुक्रवारची तिकिटं काढून दिली. बायकोलाच विचारा असं जे सांगतात ना, त्यांचं ऐकू नका, तिची झोप आधीच उडालीय, त्यात तुमचं शॉपिंग कुठे. आणि बाळ अंगाला बांधायचं कॅरियर मनानं घेऊ नका, त्यावर किमान वजन लिहिलेलं असतं, शिवाय बाळानं मान धरलेली नसते.

बारशाला देऊ नका, गर्दीत हरवतं. त्याची रजा संपली की द्या. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनीची मर्जी, म्हणजे विचारूनच घ्या. रात्रभर जागून सकाळी ठाणे स्टेशनवर लोकलला लटकायचं, तेव्हा खरी कसोटी, तोपर्यंत पाहुणेही पांगलेले असतात.

रॅपिंग नको, चुरचुर वाजतं. साध्या कापडी पिशवीत घाला. आणि वर जाऊन बेल वाजवू नका, खालून मिस्ड कॉल द्या, तो येतो, त्यालाही पाच मिनिटं बाहेर पडायचंच असतं.