नाट्यसंस्थेचा हंगाम आखताय? या चुका टाळा

कोल्हापुरातली छोटी नाट्यसंस्था वर्षाचा हंगाम ठरवायला बसली की पहिली चर्चा संहितांची होते. दोन गद्य नाटकं, एक बालनाट्य आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर एक संगीत नाटक. यादी झाली की प्रत्येकाला दीड-दोन महिने तालीम आणि सारखाच खर्च, असा हिशेब मांडला जातो. बहुतेक हंगाम इथंच फिसकटतात. संगीत नाटक बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ, माणसं आणि पैसा खातं. म्हणून आधी त्याची तारीख पक्की करावी आणि उरलेली नाटकं त्याच्याभोवती बसवावीत. उलट केलं की वर्षाच्या शेवटी थकलेली टीम आणि रिकामी तिजोरी घेऊन संगीत नाटकाला उभं राहावं लागतं.

पट्टी शेवटी ठरवणं

पात्रनिवड करताना आवाज ऐकतात, पण पट्टी, म्हणजे कुठला सूर ‘सा’ धरून गाता, हे कुणी विचारत नाही. नायक पेटीच्या काळी एकमध्ये गातो आणि नायिका काळी चारमध्ये, हे नेहमीचंच. एकट्याच्या पदाला, म्हणजे नाटकातल्या गाण्याला, त्यानं काही बिघडत नाही. पण दोघांचं एकत्र पद आलं की एकाला ओरडावं लागतं किंवा दुसऱ्याचा आवाज खाली दबतो. त्यामुळे वाचनाच्या पहिल्याच आठवड्यात पदांची वही घेऊन बसा आणि प्रत्येक पदापुढे पट्टी लिहा. त्यावरून किती तबले लागतील, हेही तेव्हाच कळतं. ऐनवेळी हातोडीनं चढवून-उतरवून भागवलेला तबला दुसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही.

याहून वाईट घोळ ऑर्गनचा होतो. सगळी तालीम मोबाईलच्या तानपुऱ्यावर होते आणि रंगीत तालमीला खराखुरा ऑर्गन येतो. जुन्या ऑर्गनचा सूर मोबाईलच्या सुराशी तंतोतंत जुळेलच असं नाही, थोडा चढा किंवा थोडा उतरा निघतो. गळ्यात बसलेली जागा हलते, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागत नाही, आणि नट बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. उपाय सोपा आहे. प्रयोगाला कोणता ऑर्गन येणार हे आधी ठरवा, त्याचा सा फोनवर रेकॉर्ड करा आणि तानपुऱ्याच्या ॲपमधला सूर बारीक फिरवून त्याला जुळवून घ्या. तालीम त्याच सुरात करा.

पावसाळ्यात प्रयोग असेल तर तबल्याचं आणखी एक बघावं लागतं. आपल्याकडच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते आणि सूर उतरतो. दिव्यांच्या उष्णतेत किंवा एसीच्या कोरड्या हवेत ती ताणते आणि सूर चढतो. वाद्यं टेम्पोतून उतरवून थेट साथीला बसू नका. दोन तास आधी ती सभागृहात, जिथं वाजणार त्याच जागी नेऊन ठेवा.

साथीदारांना फक्त रंगीत तालमीला बोलावणं

मानधन परवडत नाही हे खरंय. पण संवाद संपता संपता ऑर्गनवाल्यानं सूर कुठं द्यायचा, नटानं कुठल्या शब्दावर उचल घ्यायची, ठेका कुठं सोडायचा, हे एका तालमीत बसत नाही. साथीदारांना पूर्ण नाटकासाठी बोलवू नका. फक्त संवादातून पदात शिरण्याच्या आणि पदातून बाहेर पडण्याच्या जागा काढून तेवढ्यांच्या दोन स्वतंत्र बैठका लावा. वन्समोर आला तर अस्ताईपासून, म्हणजे पदाच्या मुखड्यापासून, उचलायचं की आधीच्या वाक्यापासून, हेही तिथंच ठरवा आणि प्रकाशयोजना चालवणाऱ्याला सांगून ठेवा. नाहीतर नट गायला लागतो आणि स्पॉट विंगेकडे निघालेला असतो.

पदं कापताना अर्थ न बघणं

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 च्या ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं आहेत. आजच्या अडीच-तीन तासांच्या प्रयोगात ती सगळी बसत नाहीत, काटछाट करावीच लागते. बहुतेक जण अवघड पदं काढतात आणि लोकप्रिय ठेवतात. पण त्या काळच्या कितीतरी पदांत कथाच पुढं सरकते. कोण कुठं निघाला, कुणी कुणाला काय वचन दिलं, हे पदातच येतं. असं पद काढलं की पुढच्या प्रवेशात प्रेक्षक गोंधळतो. मुळात दोन याद्या करा: कथा सांगणारी पदं आणि भाव फुलवणारी पदं. पहिल्या यादीतलं काही काढायचंच असेल तर त्यातली माहिती दोन ओळींच्या संवादात आणा. माझ्या मते दुसऱ्या यादीतलं निम्मं गाळून उरलेली पदं निवांत गाऊ द्यावीत. सगळीच धावत उरकली तर कशाचाच रंग भरत नाही.

परवानगी म्हणजे फक्त लेखकाची, असं समजणं

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर (मृत्यू 1885), देवल (1916) आणि खाडिलकर (1948) यांच्या मूळ संहिता त्यामुळे खुल्या आहेत. मात्र अलीकडच्या कुणी संपादित केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, वापरत असाल तर त्या संपादकाला विचारायला हवं. चालींचा हक्क तर वेगळाच असतो. संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी 1998 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली अजून बरीच वर्षं संरक्षित आहेत. लेखकाच्या वारसांचं पत्र मिळालं म्हणून संगीताचं काम झालं असं होत नाही. नवी संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज करा. तिकिटं छापून झाल्यावर धावाधाव नको.

एकाच रंगमंचाच्या मापानं नेपथ्य करणं

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते दुःख कोल्हापूरच्या रंगकर्मींच्या मनातून गेलेलं नाही. मोठ्या रंगमंचाच्या अंदाजानं केलेले फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल (उंचवटे) छोट्या सभागृहात मावत नाहीत, हा धडाही त्यानंतर दुसरीकडे प्रयोग करताना अनेकांना मिळाला. फ्लॅट चार फुटी तुकड्यांत करा, नट-बोल्टनं जोडता येतील असे. हंगामातल्या चारही नाटकांना तेच तुकडे रंग बदलून वापरता येतात आणि टेम्पोची एक खेपही वाचते. कापड, रंग आणि लाकूड पटकन पेट घेतं, म्हणून डिमरचा, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा, लोड इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि विंगेत एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन लावू नका.

नेपथ्य कुठं ठेवता तेही बघा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर दुधाळी किंवा सुतारवाडा भागात तळमजल्यावर सामान ठेवणं शहाणपणाचं नाही.

तारखा आणि तिकिटं

जुलै-ऑगस्टचा पाऊस, मग गणपती, नवरात्रात अंबाबाईची गर्दी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ, फेब्रुवारी-मार्चला बोर्डाच्या परीक्षा. बालनाट्य मे महिन्यातच घ्या. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी पेठेतला प्रेक्षक धरू नका. सीझन तिकीट विकणार असाल तर चारही तारखा त्यावर छापलेल्या हव्यात, कारण ‘तारीख नंतर कळवू’ म्हणणाऱ्या संस्थेकडून दुसऱ्या वर्षी कुणी तिकीट घेत नाही. नाटकाच्या तिकिटाला माणशी 500 रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, दर ठरवताना हे लक्षात असू द्या. आणि फुकट पासांना मर्यादा घाला.

बदली नट न ठेवणं

गद्य नाटकात कुणी आजारी पडलं तर दिग्दर्शक स्वतः उभा राहून वेळ निभावतो. संगीत नाटकात ते शक्य नसतं. मुख्य गायिकेची पदं पाठ असलेली दुसरी मुलगी हंगामाच्या सुरुवातीपासून तालमीला बसवा, तिला छोटी भूमिका द्या आणि एक प्रयोग तिच्या नावावर ठेवा. नाहीतर चांगली मुलगी वर्षभर नुसती वाट बघत थांबणार नाही.

तरीही प्रयोगाच्या सकाळी घसा बसलाच, तर निर्णय दुपारपर्यंत घ्या, तिसऱ्या घंटेची वाट बघू नका. पट्टी एक स्वर खाली आणा, त्या सुराचा तबला मागवा, ताना गाळून बंदिश तेवढी ठेवा आणि साथीदारांसोबत सगळी पदं एकदा हलक्या आवाजात म्हणून घ्या. त्यानंतर गायिकेला प्रयोगापर्यंत एक शब्दही बोलू देऊ नका.